लोखंडी कूलरचे उपकार आणि एक खरी उणीव

हा अभिप्राय कोणत्याही नामांकित कंपनीच्या वस्तूविषयी नाही. आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या टोकाला पत्र्याचे काम करणारे एक दुकान आहे. सुगीच्या दिवसांत तिथे धान्याच्या कोठ्या तयार होतात, लग्नसराईच्या तोंडावर पेट्या आणि होळीच्या महिनाभर आधीपासून कूलर. त्या दुकानातून साडेसहा हजार रुपयांना घेतलेला, १८ इंची पंख्याचा, जस्ती पत्र्याचा आणि तीन बाजूंना ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या भुशाच्या चौकटी, असलेला चौकोनी कूलर आता आमच्या घरी चांगला मुरला आहे. त्याच्यावर नाव नाही, सोबत गॅरंटी कार्ड नव्हते आणि रिमोट तर नाहीच नाही. मागच्या बाजूला दुकानदाराने रंगाच्या ब्रशने स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहून दिला आहे, तीच काय ती गॅरंटी.

चंद्रपूर जिल्ह्यातला आमचा ब्रह्मपुरी-नागभीडकडचा भाग हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याला इथे उन्हाळा कसा असेल याची कल्पना करता येत नाही. एप्रिल अर्धा सरला की पारा ४३-४४ अंशांवर बसतो आणि मे महिन्यात ४५ अंश ही बातमी राहत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. पुढे मे २०२४ मध्ये तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा तो यंत्रातला बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. परंतु खुलासा येईपर्यंत आमच्या गावात कोणालाही तो आकडा अशक्य वाटला नव्हता. नेमक्या याच दिवसांत लग्ने असतात. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे ज्या दिवसांत बाकीचे गाव दारे लावून पडून असते, त्याच दिवसांत माझ्या मशीनवर ब्लाउज, परकर आणि नवरीच्या फॉलपिकोच्या साड्यांचा ढीग असतो. कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीला लावलेला आहे. त्याच्या वाऱ्यात दुपारी माझे काम चालते आणि रात्री घरातली सगळी माणसे तिथेच झोपतात.

कूलर घेण्याआधी मी मोठ्या कंपन्यांच्या कूलरविषयी ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय चवीने वाचले होते. पाणी भरावे लागते म्हणून कोणी तारे कापले होते, आवाज येतो म्हणून कोणी, तर खिडकी उघडी ठेवावी लागते म्हणून आणखी कोणी. या तक्रारी खोट्या नाहीत. आमच्या कूलरला त्या सगळ्या लागू पडतातच, वर त्याच्या स्वतःच्या चार तक्रारी आहेत. मात्र तो काम कसे करतो हे नीट समजून घेतल्यावर त्यातल्या बहुतेक गैरसोयी मला त्याच्या कामाचाच भाग वाटू लागल्या. म्हणून इथे हिशेब उलट्या क्रमाने मांडते: आधी तो काय देतो ते, मग तो काय मागतो ते, आणि शेवटी ज्या एका बाबतीत त्याला मुळीच सूट देता येत नाही ते.

पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते, एवढ्या एका गोष्टीवर हे सारे यंत्र उभे आहे. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. विजेच्या मापात सांगायचे तर जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंश तापलेली असली, तरी तिच्यातली आर्द्रता अनेकदा १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते. अशी कोरडी हवा ओल्या ताट्यांतून खेचली तर हिशेबाने ती २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. आमच्यासारख्या साध्या कूलरला तिथवर पोचणे जमत नाही, पण तो २८ ते ३० अंशांची हवा तोंडावर आणून सोडतो. म्हणजे ज्या कोरडेपणाने ओठ फुटतात, विहिरी आटतात आणि जमिनीला भेगा पडतात, तोच कोरडेपणा कूलरचे भांडवल आहे. मुंबईच्या दमट हवेत हेच यंत्र खोलीत नुसती ओल वाढवील. उन्हाळ्याला शिव्या देताना हे मला आता हमखास आठवते.

पंखा आणि पाण्याचा पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतात, म्हणजे पाच तासांना साधारण एक युनिट. दीड टनाचा एसी तासाभरातच त्याहून अधिक वीज घेतो. बिल आल्यावर घरात शांतता राहते, हा कूलरचा गुण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता तो मागतो काय, ते. सर्वांत मोठी मागणी पाण्याची. टाकी सत्तर लिटरची आहे आणि भर दुपारी तो तासाला दहा लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी पितो. आमच्याकडे नळ सकाळी येतो आणि तासाभरात जातो, त्यामुळे कूलरचे पाणी हौदातून काढून हातानेच भरावे लागते. बाजूच्या ताटीखाली वीतभर रुंदीचे तोंड ठेवलेले आहे. बादली नेमकी त्या कडेला टेकवून तिरपी केली तर पाणी आत जाते, आणि घाई केली तर निम्मे पायावर. पत्र्याच्या तळावर पहिले पाणी पडते तेव्हा टाकी दणदणते. जसजसे पाणी चढते तसतसा आवाज जड होत जातो आणि टाकी भरत आली की जवळपास बंद होतो. पाण्याची पातळी दाखवणारे काही साधन या कूलरला नाही. कडुनिंबाची एक सरळ काडी मी तिथेच खोचून ठेवली आहे, परंतु कानाला सवय झाल्यापासून तिची गरज क्वचितच पडते. त्यानंतर पंप सुरू केला की वरच्या नळीतून पाणी अडखळत येते, सुकून पांढऱ्या पडलेल्या ताट्यांवरून खाली झिरपते आणि मग खोलीत ओल्या लाकडाचा एक मंद वास भरतो. सासूबाई दुपारच्या झोपेतही त्या वासाने कूस बदलतात आणि ‘भरलं का पाणी, बरं झालं’ असे पुटपुटतात.

पाणी भरण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे मी मान्य करते. परंतु या कामाचा खरा प्रश्न कंटाळ्याचा नाही, पाण्याचा आहे, आणि तो टाळून अभिप्राय लिहिणे मला बरोबर वाटत नाही. जलजीवन मिशनने गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. आमचा कूलर दुपार आणि रात्र मिळून त्याहून कितीतरी अधिक पाणी घेतो. जिथे एप्रिलमध्ये बोअरिंगचा दांडा हवा उपसू लागतो, तिथे इतके पाणी थंडाव्यासाठी खर्च करणे हा चैनीचा भाग आहे, आणि ती चैन आपल्याला परवडते, कारण आपल्या वाट्याला अजून पाणी आहे. हे ध्यानात राहिले की बादली उचलताना कुरकुर करायला तोंड राहत नाही. मी एवढेच करते, की भांडी विसळलेले आणि कपडे धुतलेले पाणी वेगळे ठेवून झाडांना घालते, आणि तेवढे स्वच्छ पाणी कूलरसाठी वाचवते. ज्या गावात टँकर लागतो, तिथे मी या कूलरची शिफारस करणार नाही.

दुसरी मागणी कानांची. हा कूलर आवाज करतो, आणि थोडाथोडका नाही. विकत घेताना दुकानदाराने तो चालू करून दाखवला तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या असाव्यात, कारण त्याने स्वतःहूनच सांगितले, ‘ताई, आवाज करीन, पण दगा नाही देईन.’ दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. नंतर कधी सवय झाली ते कळले नाही. त्या आवाजाचे फायदे मात्र हळूहळू ध्यानात आले. लग्नाच्या वरातीतला डीजे, गल्लीतली कुत्री आणि शेजारच्या घरातले जमिनीच्या वाटणीचे भांडण यांतले काहीही रात्री आमच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय हा आवाज बोलका आहे. पाणी संपत आले की पंपाचा घुर्र असा सूर चढतो आणि पहाटे तीन वाजतादेखील घरातले कोणीतरी त्या सुराने जागे होते. पंप कोरडा चालला तर जळतो, म्हणून ही जाग मोलाची आहे. महागड्या कूलरमध्ये त्यासाठी दिवा लावलेला असतो म्हणे. झोपेत दिवा दिसत नाही.

शिवणकाम करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच नोंदवते, कारण ती इतर कोणाच्या अभिप्रायात मला सापडली नाही. कूलरच्या समोर मशीन ठेवू नये. हवेतल्या ओलीने सुया गंजतात, कापडावर खडूची रेघ नीट उमटत नाही आणि हलके कापड टेबलावर ठरत नाही. मी मशीन वाऱ्याच्या धारेतून काढून बाजूच्या भिंतीला लावले, सुया तेलाच्या बोटाने पुसून डबीत ठेवू लागले आणि तो त्रास जवळपास संपला. याउलट जे मिळाले ते मोठे आहे. कूलर नव्हता तेव्हा मे महिन्यात रेशमी ब्लाउजपीस हाती घ्यायची मला धास्ती वाटत असे. हाताचा घाम लागला की त्यावर डाग उठतो आणि तो डाग धुऊन जात नाही. तेव्हा नवरीचे कपडे मी पहाटे चार वाजता उठून शिवत असे. आता ते दुपारी दोन वाजता शिवते. गिऱ्हाईक माप द्यायला आले की दारातच क्षणभर थांबते, डोक्याचा दुपट्टा सोडते आणि माप राहिले बाजूला, आधी कूलरपुढे पाच मिनिटे बसते. त्या पाच मिनिटांचे पैसे मी लावत नाही.

ताट्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. दुकानातून कूलर येतो तो लाकडाच्या बारीक तारांसारख्या भुशाच्या ताट्या लावून. त्या स्वस्त असतात, पण एका हंगामात बसतात. म्हणजे भुसा खाली सरकून वरच्या भागात झरोके पडतात आणि तिथून गरमच हवा आत येते. आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे महिनाभरातच ताट्यांवर पांढरी खपली चढते आणि पाण्याच्या नळीची छिद्रे बुजतात. छिद्रे मी दाभणाने मोकळी करते आणि पंपाभोवती जुन्या सुती ओढणीचा तुकडा बांधते, म्हणजे भुशाचे धागे आत जाऊन पंप अडकत नाही. ताट्या दर वर्षी नव्या भरून घ्याव्या लागतात. हल्ली मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी पॅड मिळतात. ते अधिक वर्षे टिकतात, परंतु या कूलरच्या चौकटीत ते बसवायचे तर पत्रा कापावा लागतो. वाळ्याच्या ताट्या आम्ही एका वर्षी लावून पाहिल्या. सुगंध अप्रतिम, किंमत जड. ज्यांच्या घरी आजारी किंवा वृद्ध माणूस आहे, त्यांनी एखादी तरी बाजू वाळ्याची करावी.

ताट्या भरून घ्यायला दुकानात गेले असताना मागच्या शेडमध्ये काम कसे चालते ते मला पाहता आले. टिनाचे छप्पर, खाली वेल्डिंगचा जाळ, आणि मार्चमधली दुपार. दोन बाया जमिनीवर बसून चौकटीच्या जाळीत भुसा भरत होत्या. मूठभर भुसा घ्यायचा, झटकून मोकळा करायचा, जाळीवर सारखा पसरायचा, वरून दुसरी जाळी ठेवून तारेने कडा आवळायच्या. कोपऱ्यांत त्या मुद्दाम थोडा जास्त भुसा दाबत होत्या. का, म्हणून विचारले तर त्यातली थोरली म्हणाली, ‘कोपऱ्यातूनच पयले खाली बसते बाई ते.’ त्या शेडमध्ये दिवसभर ज्यांचे हात चालतात त्यांच्यासाठी एक साधा फर्राटा पंखा होता, कूलर नव्हता. तेव्हापासून आमच्या कूलरच्या कोपऱ्यांतून थंड हवा येते तेव्हा ती कुणामुळे येते, हे मला माहीत असते.

सासूबाई या कूलरच्या बाबतीत माझ्याहून अधिक समाधानी आहेत, आणि त्यांचे कारण वेगळे आहे. त्यांच्या लहानपणी थंडावा हा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यातला प्रकार होता. तिथे दारांना वाळ्याचे पडदे असत, त्यांवर गडीमाणसे पाणी शिंपडत आणि छताचा पंखा दोरीने ओढला जाई. बाकीच्यांना कडुनिंब. ‘सावली सरकली का बाजबी सरकवायची,’ असे त्या सांगतात, ‘संध्याकाळलोग बाज अर्ध्या आंगणाला फेरी मारे.’ त्यांच्या तोंडून मी कूलरविषयी एकही तक्रार ऐकलेली नाही. त्यांना ऐकू कमी येते हेही त्यामागे असेल.

तरीही, पूर्वी किती हाल होते किंवा आजही इतरांचे किती हाल आहेत, हे पाहून आपल्याकडे जे आहे त्याला बरे म्हणण्याची रीत मला फारशी पटत नाही. मे महिन्यात आमच्या भागातली माणसे उजाडण्याआधी तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात आणि ऊन चढल्यावर ओझी घेऊन परततात. मग घरी बसून पानांचे पुडे बांधतात, आणि त्यांतल्या अनेक घरांत कूलर नाही. त्यांच्याकडे पाहून माझ्या खोलीतल्या गारव्याची गोडी वाढावी, हा विचारच मला ओशाळवाणा वाटतो. माझे आभार त्या तुलनेतून आलेले नाहीत. ते पाणी, भुसा, पत्रा आणि दोन-चार माणसांचे हात या साध्या गोष्टींतून एवढे मोठे काम होते, हे जवळून पाहिल्याने आलेले आहेत. म्हणूनच त्या शेडमधल्या बायांना कूलर मिळायला हवा, असे मी दुकानदाराला दोनदा बोलून दाखवले. गुण गाताना हे सांगायचे राहू नये.

लाईन गेली की कूलर म्हणजे पत्र्याची पेटी. वाऱ्या-वादळाच्या संध्याकाळी ती जातेच. अशा वेळी आधी गावभर ओरडा होतो, मग लाईनमनला फोन सुरू होतात. एकदा भर दुपारी डीपीवरचा बिघाड काढायला आलेल्या लाईनमनला मी खांबावर चढताना पाहिले. तापलेल्या लोखंडाला हात लावण्याआधी तो हातमोज्यांवर पाणी मारून घेत होता. खाली आल्यावर त्याला आधी तांब्याभर पाणी आणि मग कैरीचे पन्हे दिले; त्याने तांब्या एका दमात रिकामा केला आणि पन्हे मात्र चवीने, बसून प्याला. वीज कशामुळे गेली होती हे विचारायचे माझ्या ध्यानातच आले नाही. तो गेल्यावर घरात आले तर कूलर दणदणत होता.

आता ती बाब, जिच्यासाठी हा कूलर गुण गमावतो. पाणी भरणे, आवाज, ताट्या, गंज या गैरसोयी आहेत. त्या सोसता येतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्याविषयी ममताही वाटू शकते. बॉडीत करंट उतरणे ही गैरसोय नव्हे. लोखंडी कूलर म्हणजे ओला धातू. पाण्यात बुडालेल्या पंपाच्या वायरचे वेष्टन झिजले किंवा कुरतडले गेले, तर सगळ्या पत्र्यात वीज येते आणि हात लावणारा माणूस ओल्या जमिनीवर उभा असतो. दर उन्हाळ्यात विदर्भातून कूलरचा शॉक लागून माणूस, पुष्कळदा लहान मूल, दगावल्याच्या बातम्या येतात. वीज कंपनीही दर वर्षी आवाहन करते, की कूलरला तीन पिनचा प्लगच वापरावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. असे असताना आम्हाला मिळालेल्या कूलरला दोन पिनचा प्लग होता आणि अर्थिंगची तार बसवलेलीच नव्हती. विचारल्यावर ‘सगळे असेच नेतात’ असे उत्तर आले. आग्रह धरल्यावर दुकानदाराने दीडशे रुपये अधिक घेऊन तिसरी तार पत्र्याला स्क्रूने पक्की केली आणि प्लग बदलून दिला. कामात हयगय केली नाही, पण ती तार ग्राहकाने मागावी लागू नये.

घरातही आम्ही काही पथ्ये पाळतो आणि ती नव्या ग्राहकाने पहिल्या दिवसापासून पाळावीत. पाणी भरण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग बोर्डातून काढून बाजूला ठेवावा. घराचे अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अनेक घरांत बोर्डावर तिसरे भोक असते आणि त्यामागे तारच नसते. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला, तर करंट गळू लागताच तो पुरवठा क्षणार्धात तोडतो. त्याचा खर्च कूलरच्या किमतीच्या मानाने जड नाही. कूलर लाकडी घडवंचीवर ठेवावा, पंपाची वायर हंगामाच्या सुरुवातीला बोटांनी चाचपून पाहावी आणि जोड दिलेली वायर पाण्यात कधीही सोडू नये. या बाबतीत मी कोणाचेही समजुतीचे बोलणे ऐकून घेत नाही, शेजाऱ्यांचेही नाही. आमच्या गल्लीतल्या तीन-चार घरांत मी स्वतः इलेक्ट्रिशियनला घेऊन गेले, त्यावरून थोडी टिंगलही झाली.

डासांचे दुखणे यामानाने सोपे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, कडा घासून, कोरडी होऊ द्यावी लागते. आमच्याकडे शनिवार ठरलेला आहे. खालचे बूच काढले की गढूळ, क्षाराने जड झालेले पाणी निघते. ते झाडांना घालू नये, अंगणात सडा मारायला चांगले. आरोग्य खात्याच्या आशाताई फेरीला आल्या की सर्वांत आधी कूलरमध्ये डोकावतात, आणि त्यांनी डोकावून काही न बोलता पुढे जाणे हे आमच्या घराचे प्रशस्तिपत्र.

मृगाच्या सरी येऊन गेल्या की कूलरचे काम संपते. हवेत आधीच ओल असली की ताट्यांतले पाणी विरत नाही आणि खोली चिकट होते. जुलैत कोणी ‘कूलर थंड करत नाही’ अशी तक्रार केली, तर ती कूलरविरुद्ध नसून पंचांगाविरुद्ध आहे. ताट्या काढून, टाकी कोरडी करून, आतून तेलाचा हात फिरवून आम्ही तो पडवीत ताडपत्रीखाली ठेवतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून त्यांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायची रीत आहे, आणि खंडेनवमीला मी शिलाई मशीनला हार घालते. हे दोन्ही सण येतात तेव्हा कूलर ताडपत्रीखाली असतो, त्यामुळे वर्षभरात त्याच्या वाट्याला हळदकुंकू येत नाही. गेल्या खंडेनवमीला सासूबाईंनी मशीनवरच्या हारातले एक झेंडूचे फूल तोडून ताडपत्रीत खोचले. मी ते काढले नाही. काही दिवसांनी उंदरांनी कुरतडले.

कोणी घ्यावा, याविषयी माझे मत असे. हवा कोरडी असलेल्या भागात, हौदात पाणी असलेल्या आणि खोलीला समोरासमोर खिडकी-दार असलेल्या घराने हा कूलर डोळे झाकून घ्यावा. दार पूर्ण लावून घेतल्यास तो चालत नाही. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. बंद खोलीत राहणाऱ्यांनी, झोप हलकी असणाऱ्यांनी आणि पाणी विकत घ्यावे लागणाऱ्यांनी दुसरे काही पाहावे. खरेदीला फेब्रुवारीत जावे; होळीनंतर गर्दी वाढते, भाव वाढतो आणि घाईत भरलेल्या ताट्या लवकर खाली बसतात. पत्र्याचा गेज, म्हणजे जाडी, विचारावा, पंपाची वायर अखंड आहे का ते पाहावे आणि पैसे देण्याआधी तीन पिनचा प्लग लावून घ्यावा.

पाचपैकी साडेचार तारे देते. उरलेला अर्धा तारा अर्थिंगच्या तारेसाठी राखून ठेवला आहे. यंदा दुकानासमोर रांगेत लावलेल्या नव्या कूलरांपैकी निम्म्यांना तीन पिनचे प्लग दिसले. ज्या वर्षी सगळ्यांना दिसतील, त्या वर्षी मी इथे येऊन तो अर्धा ताराही देईन.